साडेसहा की पावणेसात : जुन्या मॅक्रो लेन्सच्या हूडविषयी

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी जुन्या वाड्यातले दप्तर पाहायला गेलो होतो. माळ्यावरून तीन रुमाल खाली आले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यात मोडीतले घरखर्चाचे आणि देण्याघेण्याचे हिशेब होते. हाताशी एकच दुपार होती. घरातल्या आजी म्हणाल्या, "अंधारात डोळे फोडू नका, खिडकीशी बसा." त्यांनीच ओसरीवर एक स्वच्छ पांढरी चादर अंथरून दिली. तिच्यावर एकेक कागद ठेवून मी छायाचित्रे काढत गेलो. कॅमेरा डिजिटल होता आणि लेन्स जुनी, हाताने फोकस करायची, ५५ मिमीची मायक्रो-निक्कोर. लेन्सवर हूड नव्हते. ज्यांच्याकडून लेन्स घेतली त्यांनी सांगितले होते की हिचे पुढचे भिंग इतके आत आहे, की हूड लागतच नाही.

घरी येऊन वाचायला बसलो. बहुतेक कागद नीट वाचता आले. एका कागदावर मात्र पाण्याचा मोठा तपकिरी डाग होता आणि नेमकी एका नावापुढची रक्कम त्या डागात होती. मोडी हिशेबात रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा आणि तीन रेघा म्हणजे पाऊण. सहाचा आकडा स्पष्ट होता. पुढे दोन रेघा दिसत होत्या. तिसरी आहे की ती कागदाची घडी आहे, ते कळेना. डागाचा सगळा भाग धुरकट, राखाडी झाला होता. कागदाच्या खालची बेरीज कसरीने खाल्लेली, त्यामुळे ताळाही करता येईना. पुन्हा जाऊन पाहू म्हटले. पुढच्या पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत बसली, रुमाल भिजले आणि लगदा झालेले कागद घरच्यांनी नदीत सोडले. आता त्या कागदाची जगात एकच प्रत उरली आहे, ती माझ्याकडची धुरकट प्रत.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. मोडी शिकलो ती आवडीपोटी आणि प्रकाशशास्त्र शिकलो ते या एका रेघेपायी. दप्तरे, ताम्रपट, नाणी, पोथ्या यांची छायाचित्रे घेणारे अनेक अभ्यासक आज जुन्या मॅक्रो लेन्स वापरतात, कारण त्या स्वस्तात मिळतात आणि काम उत्तम करतात. त्यांच्यापैकी कोणाची एखादी रेघ वाचावी, एवढ्यासाठी हा लेख.

धुरकटपणा येतो कुठून?

भर उन्हात लांबचे पाहायचे असले की आपण कपाळावर आडवा हात धरतो. जे पाहायचे आहे ते काही उजळ होत नाही. डोळ्यांवर पडणारा नको तो प्रकाश तेवढा अडतो. हूडचे काम इतकेच आहे. ते चित्रात काही भर घालत नाही. ज्या प्रकाशाचा चित्राशी संबंध नाही त्याला ते आत येऊ देत नाही.

असा प्रकाश आत आला तर काय होते? हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना प्रकाशाचा काही भाग परत फिरतो. साध्या, लेप नसलेल्या काचेच्या दर पृष्ठभागावर हा भाग सुमारे ४ टक्के असतो. माझ्या लेन्समध्ये पाच गटांत सहा भिंगे आहेत, म्हणजे हवेला लागलेले दहा पृष्ठभाग. लेप नसता तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच परत फिरला असता आणि त्यातला काही इकडून तिकडे आपटत शेवटी चित्रावरच सांडला असता. जुन्या, काळवंडलेल्या भिंगांतून नव्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश जातो, हे इंग्लंडमधील एच. डेनिस टेलर यांनी १८९०च्या दशकात ओळखले होते. पुढे १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर मुद्दाम पातळ लेप चढवण्याची पद्धत शोधली. नंतर अनेक थरांचे लेप आले आणि परत फिरणारा प्रकाश खूपच घटला. घटला, पण नाहीसा झाला नाही. शिवाय जुन्या लेन्सच्या आत धूळ असते, तेलाची पुसट वाफ बसलेली असते, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही धरते. या सगळ्यावर बाहेरचा प्रकाश पडला की तो विखुरतो.

विखुरलेला प्रकाश पांढऱ्या भागाचे फारसे बिघडवत नाही, काळ्याचे बिघडवतो. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. स्वच्छ कागदाचा उजेड ८० धरा आणि त्यावरच्या काजळीच्या शाईचा ५. प्रमाण सोळास एक. आता सगळ्या चित्रावर ८ इतका फुकटचा उजेड सांडला, तर कागद ८८ होतो आणि शाई १३. प्रमाण पावणेसातास एक झाले, तरी अक्षर आरामात वाचता येते. पण डागाळलेल्या कागदाचा उजेड मुळातच १५ असेल आणि शाईचा ५, तर तिनास एक असलेले प्रमाण २३ आणि १३ असे होते, म्हणजे दुपटीहूनही कमी. स्वच्छ भागातली अक्षरे शाबूत आणि डागातली रेघ गायब, हे माझ्या छायाचित्रात झाले ते असे.

संगणकावर काळेपणा वाढवून यातले थोडे परत मिळते. पण सांडलेला उजेड सगळीकडे सारखा नसतो, आणि दाबून साठवलेल्या जेपेग चित्रात एकमेकांजवळच्या राखाडी छटा आधीच एकजीव झालेल्या असतात. मी सगळी चित्रे जेपेगमध्येच घेतली होती. ही दुसरी चूक.

आत बसलेले भिंग आणि 'हूड लागत नाही'

मायक्रो-निक्कोरची कुळकथा दप्तरवाल्यांना आवडेल अशी आहे. पहिली मायक्रो-निक्कोर ५ सेंटीमीटरची होती. ती १९५६ मध्ये जपानमध्ये आली आणि तिचा हेतू कागदपत्रांच्या मायक्रोफिल्मशी जोडलेला होता. जपानी कागदपत्रांतल्या चित्रलिपीत एकेका अक्षरात दाट रेघा असतात. रोमन अक्षरांसाठी पुरेल ती लेन्स तिथे पुरत नव्हती. एसएलआर कॅमेऱ्यासाठीची ५५ मिमी एफ/३.५ मायक्रो-निक्कोर १९६१ मध्ये आली आणि माझ्याकडची एफ/२.८ ही १९८०च्या सुमाराची. म्हणजे दाट रेघांची लिपी वाचता यावी म्हणून हे घराणे जन्माला आले आणि मी तिच्याकडून तीन उभ्या रेघा वाचून घेऊ शकलो नाही. दोष लेन्सचा नव्हता.

या लेन्समध्ये पुढचे भिंग खरोखरच खोल आहे. पुढच्या कड्यापासून आत उतरत जाणारी काळी खोबण आहे आणि तिच्या तळाशी भिंग. ही खोबण हूडचे काम करते, हेही खरे. दूरच्या दृश्यासाठी, सूर्य पाठीशी असताना, वेगळे हूड नसले तरी चालून जाते. पण खोबण किती प्रकाश अडवणार हे कारखान्यात ठरले आहे, आणि ते ठरवताना लेन्सचा सर्वांत रुंद कोन गृहीत धरावा लागतो. जवळून काम करताना तो कोन खूप अरुंद झालेला असतो. मॅक्रो लेन्सच्या हूडची सगळी गोष्ट इथे आहे, म्हणून हे जरा सावकाश पाहू.

जवळ जाताना कोन अरुंद होतो

लेन्स दूरवर फोकस केलेली असते तेव्हा ती फिल्मपासून (किंवा डिजिटल संवेदकापासून) साधारण आपल्या केंद्रांतराइतकी, म्हणजे ५५ मिमी दूर असते. २४ × ३६ मिमीच्या पूर्ण चौकटीवर तेव्हा कर्णाच्या दिशेने ४३ अंशांचे दृश्य मावते. जवळच्या वस्तूवर फोकस करायला आपण लेन्स पुढे सरकवतो. वस्तूचे चित्र अर्ध्या आकाराचे पडेल इतके जवळ गेलो, की हे अंतर ८२.५ मिमी होते आणि कोन सुमारे २९ अंशांवर येतो. निक्कोर ५५ मिमी एवढ्यापर्यंत स्वतः जाते. मध्ये २७.५ मिमीची पीके-१३ ही नळी लावली की चित्र वस्तूच्या मूळ आकाराचे पडते, अंतर ११० मिमी होते आणि कोन सुमारे २२ अंश उरतो.

थोडक्यात, लेन्स तीच असली तरी प्रकाश अडवण्याच्या दृष्टीने ती दूरवर ५५ मिमीची, अर्ध्या आकाराला ८२ मिमीची आणि पूर्ण आकाराला ११० मिमीची असते. दूरच्या दृश्याला बेतलेले हूड कागदाच्या कामाला तोकडे आणि ढगळ होते. उलट कागदाच्या कामाचे हूड लावून डोंगराचे छायाचित्र काढले तर चारही कोपरे काळे येतात.

यादीत दिलेले हूड नेहमीच पुरते असे नाही, त्याचे कारण हेच. एफ/२.८ मायक्रो-निक्कोरसाठी निकॉनने सांगितलेले एचएन-३ हे ५२ मिमी आट्यांचे धातूचे हूड ३५ मिमीच्या लेन्सनाही चालते. ३५ मिमी लेन्सचा कोन ६० अंशांहून जास्त. तेवढ्या रुंद दृश्याला आड न येणारे हूड २९ अंशांच्या कामाला सैलच पडणार. ते निरुपयोगी नाही. काचेवर बोट लागण्यापासून आणि बाजूच्या कडक उन्हापासून ते वाचवते. पण दप्तराच्या कामात तेवढ्यावर विसंबू नये.

छोट्या संवेदकाचा, म्हणजे एपीएस-सी आकाराचा कॅमेरा असेल तर कोन आणखी घटतो. त्यावर ५५ मिमी लेन्स दूरवरही साधारण २९ अंशच पाहते. तिथे ८५ मिमी लेन्ससाठी बनवलेले ५२ मिमी आट्यांचे खोल हूड शोधावे आणि खाली दिलेली कोपऱ्यांची परीक्षा घेऊन मगच ठेवावे.

पण जागा कुठे आहे?

कोन अरुंद, म्हणजे हूड हवे तितके लांब करावे, असे वाटेल. इथे मॅक्रोची दुसरी अडचण समोर येते. अर्ध्या आकाराला या लेन्सचे किमान अंतर संवेदकापासून २५ सेंटीमीटर आहे. त्यातले बरेचसे कॅमेरा आणि लांबलेली लेन्स खाऊन टाकतात. कड्यापुढे दहा-बारा सेंटीमीटर उरतात आणि नळी लावून पूर्ण आकाराला गेलो की त्याच्या निम्मेच. तिथे चार सेंटीमीटरचे हूड लावले, की त्याची सावली थेट कागदावर पडते. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून लावलेले असतील तर हूड त्यांच्याच वाटेत उभे राहते.

केंद्रांतर जास्त असलेल्या लेन्सची इथे सोय होते. १०५ मिमी एफ/४ मायक्रो-निक्कोरला बाहेर ओढून घ्यायचे हूड अंगचेच आहे आणि समोर जागाही भरपूर राहते. ९० मिमीच्या जुन्या तामरॉनचेही जागेच्या बाबतीत तसेच. ५०-५५ मिमीच्या लेन्सवर मात्र हूड निवडताना दोन प्रश्न एकत्र सोडवावे लागतात : प्रकाश अडला पाहिजे आणि दिव्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. दोन्हीचे उत्तर लांब नळी नव्हे, लहान तोंड हे आहे.

तोंडाचे माप

हूडचे तोंड किती मोठे हवे हे काढायला एकच साधे गणित लागते. लेन्समध्ये समोरून पाहिले की पात्यांचे जे गोल छिद्र दिसते, त्याचा व्यास घ्या. ५५ला एफच्या आकड्याने भागले की तो मिळतो. एफ/८ला तो साधारण ७ मिमी. हूडचे तोंड त्या छिद्रापासून जितके पुढे असेल त्या अंतराला एका संख्येने गुणा आणि ते ७ मध्ये मिळवा. पूर्ण चौकटीवर ही संख्या दूरच्या दृश्याला ०.७९, अर्ध्या आकाराला ०.५२ आणि पूर्ण आकाराला ०.३९.

समजा हूडचे तोंड त्या छिद्रापासून ५० मिमी पुढे आहे. एफ/८ला दूरच्या दृश्यासाठी गोल तोंड किमान ४६ मिमी हवे. अर्ध्या आकाराला ३३ मिमी पुरते. पूर्ण आकाराला २७. कारखान्याचे ५२ मिमीचे हूड आणि आपल्याला पुरणारे ३३ मिमीचे भोक, या दोन वर्तुळांच्या मधल्या पट्टीतून जेवढा प्रकाश येतो तो सगळा फुकटचा. क्षेत्रफळाने पाहिले तर मोठे भोक लहान भोकाच्या जवळजवळ अडीचपट आहे.

छिद्र नेमके किती आत आहे हे कळायला एक जुनी युक्ती आहे. लेन्सच्या बाजूला पेन्सिल उभी धरा आणि डोके डावीकडे-उजवीकडे हलवत छिद्राकडे पाहा. पेन्सिल पुढे-मागे करत जा. ज्या जागी पेन्सिल आणि छिद्र एकमेकांच्या मानाने सरकेनासे होतात, तेवढ्या खोलीवर छिद्र दिसते आहे असे समजा. दोन-तीन मिलिमीटरची चूक चालते.

यावरून मी जे हूड बनवले ते असे. लेन्सच्या कड्यावर घट्ट बसेल अशी काळ्या जाड कागदाची बुटकी नळी आणि तिच्या तोंडावर काळ्या पुठ्ठ्याची चकती. चकतीत गोल भोकाऐवजी आडवा चौकोन कापला, कारण चित्र चौकोनी असते आणि गोल तोंड वर-खाली नको इतके मोकळे राहते. चकती छिद्रापासून ५० मिमीवर, काम अर्ध्या आकाराचे, एफ/८. गणिताने चौकोन २९ × २२ मिमी येतो. मी हाताची चूक धरून ३३ × २६ ठेवला. नळी आणि चकतीला आतून काळा मखमली कागद चिकटवला. हे महत्त्वाचे आहे. गुळगुळीत काळा कागद तिरक्या प्रकाशात आरशासारखा चमकतो. कित्येक स्वस्त धातूच्या हूडांचे आतले अंगही असेच चमकते. असे हूड बाहेरचा प्रकाश अडवण्याऐवजी आत ढकलते. विकत घेताना हूड डोळ्यासमोर धरून खिडकीकडे पाहा. आतली भिंत उजळ दिसली तर ठेवून द्या. आत बारीक आटे किंवा खाचा असतील आणि त्या मळकट काळ्या दिसत असतील, तर ते चांगले.

विकत घेताना आणखी काही

आट्यांचे माप लेन्सच्या कड्यावर कोरलेले असते किंवा जुन्या झाकणावर सापडते. जुन्या निक्कोरचे बहुधा ५२ मिमी, ऑलिंपसच्या ५० मिमी एफ/३.५ मॅक्रोचे आणि १९७९च्या तामरॉन ९० मिमी एफ/२.५चे ४९ मिमी. माप जुळत नसेल तर मध्ये जोडकडे घालता येते, पण लहानाकडून मोठ्याकडे जाणारे घ्यावे. उलटे घेतले तर कोपरे कापले जाण्याचा धोका असतो.

पाकळ्यांच्या आकाराचे हूड जुन्या लेन्सला लावू नये. फोकस करताना कित्येक जुन्या लेन्सचे पुढचे कडे फिरते, आणि त्याबरोबर पाकळ्या फिरल्या की त्या चौकटीच्या आड येतात. माझ्या पुठ्ठ्याच्या चौकोनालाही हाच नियम. फोकस झाल्यावर तो एकदा सरळ करून घ्यावा लागतो. रबरी घडीचे हूड प्रवासाला बरे. त्याची घडी कमी-जास्त करून लांबी बदलता येते, धक्का सोसते आणि नाण्याला किंवा पोथीला लागले तरी ओरखडा पडत नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू समोर असताना हा गुण लहान नाही.

लेन्स 'जपण्यासाठी' लावलेला यूव्ही फिल्टर अशा कामात काढून ठेवावा. तो आणखी दोन सपाट पृष्ठभाग वाढवतो आणि हूडला पुढे ढकलतो. लेन्स उलटी लावून काम करणाऱ्यांचे मागचे भिंग समोर येते, ज्याला ना खोबण असते ना आटे. निक्कोरसाठी बीआर-३ हे कडे तिथे बसते आणि ५२ मिमीचे आटे मिळतात. हूडची सर्वांत जास्त गरज अशा वेळी असते.

चार परीक्षा

विकतचे असो वा घरचे, हूड कामाला नेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. एकूण दहा मिनिटे लागतात.

पहिली कोपऱ्यांची. ज्या अंतरावर काम करणार त्या अंतरावर फोकस ठेवा आणि कोऱ्या कागदाचे चित्र घ्या, एकदा एफ/२२ला आणि एकदा छिद्र पूर्ण उघडून. बारीक छिद्राला हूडची कड चित्रात आली तर ती स्पष्ट दिसते, मोठ्या छिद्राला कोपरे हळूहळू काळवंडतात. एका परीक्षेवर भागवू नये.

दुसरी आरशाची. कागदाच्या जागी लहान आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. आरशात लेन्सचे तोंड दिसेल. काच काळीभोर दिसली तर ठीक. तिच्यावर दिव्याचा किंवा खिडकीचा उजेड चमकताना दिसला तर हूड कमी पडते आहे. याच आरशाने कॅमेरा कागदाला समांतर आहे की नाही हेही कळते. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध असले पाहिजे.

तिसरी हाताची. मागच्या पडद्यावर चित्र पाहत लेन्सच्या भोवती, चौकटीच्या बाहेर, हात फिरवा. एखाद्या जागी हात येताच चित्रातला काळा भाग आणखी काळा झाला, तर फुकटचा प्रकाश त्याच बाजूने येतो आहे.

चौथी काळ्या भोकाची. एका लहान खोक्याला आतून काळी मखमल लावा, झाकणाला करंगळीएवढे भोक पाडा आणि बाहेरून पांढरा कागद चिकटवा. भोकातून जवळजवळ काहीच प्रकाश परत येत नाही, म्हणून चित्रात ते पूर्ण काळे यायला हवे. जेवढे राखाडी आले तेवढा प्रकाश लेन्सने सांडलेला. हूड लावून आणि काढून, प्रकाश तोच ठेवून, दोन चित्रे घेतली की हूडची खरी किंमत समोर दिसते.

हे खोके तयार झाल्यावर मी त्या वाड्यातली मांडणी घरी पुन्हा उभी केली. तीच लेन्स, खिडकी तशाच बाजूला, खाली पांढरी चादर. हूड नसताना भोक चक्क राखाडी आले. पुठ्ठ्याचे हूड लावल्यावर बरेच काळे झाले. मग चादर काढून काळे कापड अंथरले आणि ते आणखी काळे झाले. तेव्हा कळले की खिडकी अर्धीच दोषी होती. चौकटीबाहेर पसरलेली ती पांढरीशुभ्र चादर चारही बाजूंनी लेन्समध्ये उजेड फेकत होती. आजींनी आपुलकीने अंथरली होती. काय मागायला हवे होते, ते मला माहीत नव्हते.

हूड काय करू शकत नाही

चौकटीच्या आतला प्रकाश हूड अडवू शकत नाही. कागदाचा पांढरा समास चित्रात असेल तर तोही काही उजेड सांडणारच. डागाळलेली एकच ओळ महत्त्वाची असेल, तर बाकीचा कागद काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी झाकून त्या ओळीचे वेगळे चित्र घ्यावे. हातकागद पूर्वी दगडाने घोटून गुळगुळीत करत. त्या घोटाईची चमक कागदाची स्वतःची असते. ती दिवा खाली आणि बाजूला नेल्याने जाते, हूडने नव्हे. ताम्रपट आणि नाण्यांमध्ये कॅमेऱ्याच्याच चकचकीत कड्याचे प्रतिबिंब पडते. तिथे वहीएवढ्या काळ्या पुठ्ठ्याला मध्ये भोक पाडून तो लेन्सवर अडकवावा, की हूड आणि पडदा दोन्ही होते. आणि लेन्सच्या आतच बुरशी किंवा धुके असेल, तर कोणतेही हूड अर्धेच काम करणार. अंधारात मागून विजेरी मारून एकदा पाहून घ्यावे.

आता कोणत्याही दप्तराला जाताना माझ्या पिशवीत काळ्या सुती कापडाचा दोन हात तुकडा, पुठ्ठ्याची दोन हूडे (एक अर्ध्या आकाराचे, एक पूर्ण आकाराचे), एक आरसा आणि काळ्या पट्ट्या असतात. सगळे मिळून एका चहाच्या बैठकीच्या खर्चात होते. घरातले कोणी पांढरी चादर आणू लागले, की मी ती घेतो, अंथरतो आणि तिच्यावर माझे काळे कापड पसरतो. कोणाला वाईट वाटत नाही.

वाड्याच्या त्या कागदाचे वाचन मी नोंदवहीत असे लिहिले आहे : 'रु. ६॥ किंवा ६॥।, वाचन अनिश्चित, छायाचित्र सदोष.' पाव रुपयाने इतिहास बदलत नाही. पण ज्या माणसाच्या नावापुढे ती रक्कम आहे, त्याचे देणे किती होते हे सांगणारी दुसरी नोंद आता कुठेही नाही.